एका घावाला एकच जोड

जिन्याच्या वळणावर बापलेकांची जुंपली तेव्हा सूनबाई दोन-तीन पायऱ्या खाली उभी होती. काखेत खेळाची पेटी, हातात सासऱ्यांच्या चपला. सासरे जिना अनवाणीच उतरत. सगळा जन्म लोकांची कपाटं वाहून जिने चढण्याउतरण्यात गेला होता, आणि त्या धंद्यात चपला घालून जिन्यावर ओझं उचलणाऱ्याला कुणी दुसऱ्या दिवशी कामावर बोलावत नाही.

"पट्टा सोड," सासरे म्हणाले.

"नाही सोडणार. मागच्या रविवारी इथेच पडलात."

"पडलो नाही. बसलो होतो."

"बसलेल्या माणसाचं कपाळ फुटत नाही, बाबा."

मुलगा रुग्णवाहिका चालवतो. पडलेली माणसं उचलणं हे त्याचं रोजचं काम, त्यामुळे माणूस पडायच्या आधीच त्याला धरून ठेवायची घाई असते. त्याने मागून बापाचा पट्टा असा आवळून धरला होता की पँट पोटऱ्यांपर्यंत वर गेली होती. खालच्या मजल्यावरची बाई दार उघडून बघत होती. सासऱ्यांनी डाव्या हाताने कठडा पकडला. उजवा हात नेहमीसारखा पोटाशी मुडपलेला. वर्षभरापूर्वी झटका आला, त्यातून पाय बऱ्यापैकी परतला, हात मात्र अर्धामुर्धाच.

ते तसेच वळले आणि अगदी शांतपणे बोलले. सूनबाईला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"ऐक. आज धटिंग जगला, तर पुढच्या रविवारपासून तू म्हणशील तसा मला धर, बांध, पाठुंगळीला घे. पण मेला, तर मला परत या जिन्यावरून खाली न्यायचं कुणी नाव काढायचं नाही. वर माझी खोली आहे, खिडकी आहे. पुष्कळ झालं."

मुलगा बापाकडे बघत राहिला. बाप शब्द फिरवत नाही हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"ठरलं," तो म्हणाला.

फाटकापाशी त्याने बायकोला बाजूला घेतलं. "कसंही कर, पण आज त्याला जगव," एवढं बोलून तो गाडीत बसला आणि कामावर निघून गेला. नवऱ्याला बोलायला काय जातं!

धटिंग म्हणजे कुणी माणूस नव्हे. तो खेळातला गडी. सासूबाई गेल्यावर घर इतकं मुकं झालं होतं की भिंतीवरचं घड्याळही मोठ्याने बोलल्यासारखं वाटे. तेव्हा मुलाने कुठूनशी ही पेटी आणली: फासे, एक जाडजूड नियमांचं पुस्तक आणि कोरे कागद. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, त्याचे गुण कागदावर लिहायचे आणि गोष्टीत शिरायचं. कुणी सूत्रधार व्हायचं. तो रस्ते सांगणार, राक्षस उभे करणार, नियम बघणार. सूनबाई चष्म्याच्या दुकानात काचा घासते. केसाएवढा फरक चालत नाही असं ते काम. शिवाय तिला राक्षसांचे आवाज झकास काढता येत. सूत्रधारपण तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

सासऱ्यांनी धटिंग घेतला. हातात सोटा, डोक्यात फारसं काही नाही, ताकद मात्र अधिक चार. ‘अधिक चार’ म्हणजे ताकदीची जोड. घाव घालायचा तर फासा टाकायचा आणि पडलेल्या आकड्यात आपल्या गुणाची जोड मिळवायची. आडदांडाला ताकदीची, हुशाराला बुद्धीची. सासऱ्यांना हे एका मिनिटात कळलं. "म्हणजे नशीब फाशाचं आणि कमाई आपली," ते म्हणाले होते.

कमाई होतीच त्यांची. अख्ख्या वस्तीत त्यांना क्रेन म्हणत. घरसामान हलवण्याच्या धंद्यात त्यांच्यासारखा गडी झाला नाही, असं लोक म्हणत आणि ते स्वतः तर म्हणतच. एकदा कुणा बाईचा फ्रीज एकट्याने तिसऱ्या मजल्यावर नेला. बाई आतली अंडी काढायला विसरली होती. एकही फुटलं नव्हतं. ही गोष्ट सूनबाईने लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकली होती की ती अंडी तिनेच घातल्यासारखी तिला तोंडपाठ होती.

पण खरी जड कपाटं दोघांनी न्यावी लागतात, आणि तिथे क्रेनच्या जोडीला कायम एकच माणूस असे. काटकुळा, लांब मानेचा, शिट्टी नावाचा. खाली क्रेन, वर शिट्टी. जिन्यावर सगळं वजन खालच्याच्या अंगावर येतं आणि त्याला समोर कपाटाच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. म्हणून वरच्याने पायऱ्या सांगायच्या असतात. "पायरी... पायरी... वळण... भिंत सांभाळ." एरवी शिट्टीचं तोंड कुठे थांबत नसे, पण कपाट उचललं की तो एवढंच बोले. खालची जागा क्रेनने कधी कुणाला दिली नाही. नवा पोऱ्या खाली यायला लागला तर हाताने बाजूला सारत.

झटक्यानंतर दवाखान्यातून घरी आले त्या पहिल्याच रविवारी सासऱ्यांनी धटिंगचा कागद मागितला. ताकदीपुढचे ‘अधिक चार’ खोडरबराने खोडले आणि डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात ‘उणे एक’ लिहिलं. मुलगा म्हणाला, "बाबा, हा खेळ आहे." सासरे म्हणाले, "म्हणूनच खोटा खेळायचा नाही."

तेव्हापासून धटिंग घाव घाली त्यातून एक वजा होई. शिट्टीही खेळायला असे; त्याची चेटकीण, बुद्धी अधिक चार, दर वेळी म्हणे, "सोट्यावर मंत्र टाकू का? माझ्या बुद्धीच्या जोडीने घाव घाल." खेळात तशी सोय होतीच. दर वेळी सासरे म्हणत, "माझी." तेवढंच. फासे टाकायच्या आधी जोड कुणाची हे बोलून दाखवायचं अशी त्या टेबलाची रीत होती, आणि त्या रीतीवर सासरे अडून बसले होते.

आणि जगवायचं म्हणजे कसं जगवायचं? पूर्वी सूनबाई पुठ्ठ्याच्या आडोशामागे आपले फासे टाकत असे, सूत्रधार टाकतात तसे. आजारपणानंतर एकदा लांडग्याचा घाव धटिंगवर नेमका बसला आणि ती बेधडक म्हणाली, "चुकला." सासऱ्यांनी हात लांब करून तो पुठ्ठा आडवा केला, फासा बघितला आणि म्हणाले, "दया दाखवायला डॉक्टर आहेत, सूनबाई. तू राक्षस दाखव." पुढचे चार दिवस घरात तिच्याशी बोलले नाहीत. पुठ्ठा रद्दीत गेला. सगळे फासे उघड्यावर.

म्हणून त्या दुपारी ती सासऱ्यांच्या मागे मागे, त्यांच्या संथ पावलाला पाऊल जुळवत चालली होती आणि मनात एकच घोकत होती: मला काही करता येणार नाही, मला काही करता येणार नाही.

शिट्टीने जुन्या फर्निचरचं दुकान काढलं होतं. रविवारी ते बंद. आत उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, आरसे नसलेली ड्रेसिंग टेबलं, गाद्या नसलेले पलंग आणि मध्ये जे टेबल त्या आठवड्यात विकायचं राहिलं असेल ते. त्यावर खेळ. आज एक गोल टेबल होतं. एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. शिट्टी आणि वकील वाट बघत होते. वकील धंद्याने कुलपं दुरुस्त करतो, पण नियमाची फट दिसली की तिच्यात तार घालून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, म्हणून वकील. खेळात तो चोर.

"कपाळ कसं आहे, क्रेनदादा?" वकिलाने विचारलं.

"आहे जागेवर," सासरे म्हणाले आणि बसले.

पैजेबद्दल ते बोलले नाहीत. सूनबाईनेच चहा ओतताना शिट्टीच्या कानाशी सांगितलं. शिट्टीचा हात कपावरच राहिला. आपल्या मित्राकडे त्याने नुसतं पाहिलं आणि साखर दोनदा घातली.

मागच्या रविवारी गोष्ट दरीवरच्या पुलाशी येऊन थांबली होती. पुलावर दगडी राखणदार. हा राखणदार सूनबाईने महिन्याभरापूर्वी, कुणाचा काही वाईट विचार मनात नसताना, हौसेने रचला होता. आता तिला स्वतःचाच राग येत होता. जरा लहान रचायला काय धाड भरली होती?

खेळ सुरू झाला आणि वाईट फासे पडायला लागले की कसे पडतच जातात, तसे पडत गेले. मुलाचा तिरंदाज, ज्याच्यासाठी वकील फासे टाकत होता, दुसऱ्याच फेरीत कोसळला. वकिलाचा चोर राखणदाराच्या पाठीवर चढला, दोन चांगले घाव घातले आणि कठड्यावर आपटून बेशुद्ध झाला. सूनबाई फासे टाकत होती, आकडे वाचत होती, आणि दर वेळी आपलाच आवाज तिला परका वाटत होता. राक्षसाचा आवाज काढायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

चेटकीण शेवटची. शिट्टीला पळता आलं असतं, दरीत उडी मारून जीव वाचवता आला असता. त्याने कागदाकडे बघितलं, मग समोर बसलेल्या माणसाकडे.

"धटिंगच्या सोट्यावर मंत्र टाकतो," तो म्हणाला.

"मागितला नाही," सासरे म्हणाले.

"नसूदे. टाकला."

राखणदाराची पाळी आली. सूनबाईने फासा टाकला. चेटकीण पडली. आता पुलावर एकटा धटिंग उभा, त्याच्या अंगात प्राण दोन. राखणदाराचे उरले होते नऊ. ते लपवायला आता पुठ्ठा नव्हता. सगळ्यांना आकडा माहीत होता. या पाळीत राखणदार पडला नाही, तर पुढच्या पाळीत धटिंग मेलाच. दोन प्राणांच्या माणसाला ते दगडी हात चुकणार नव्हते.

वकील पुढे सरसावला. "थांबा, थांबा. सोट्याचा आठ बाजूंचा फासा. मंत्राने त्यात उजेडाचा सहा बाजूंचा फासा वाढला. बरोबर ना, वहिनी? दोन फासे. मग जोडही दोनदा धरायची! चेटकिणीची बुद्धी घेतली तर चार आणि चार, आठ!"

तिला ‘हो’ म्हणायचं होतं. देवाशपथ म्हणायचं होतं. समोर सासरे तिच्या तोंडाकडे बघत होते, पुठ्ठा आडवा करून फाशाकडे बघितलं होतं तसंच.

"नाही," ती म्हणाली. "मंत्राने फासा वाढतो, जोड वाढत नाही. तुमच्या विषाच्या सुरीला मी हेच सांगितलं होतं. फासे कितीही असोत, एका घावाला एकच जोड."

"बरं, मग त्याची ताकद आणि हिची बुद्धी दोन्ही..."

"दोन्ही नाही. हाताच्या बळावर घाव घातला तर धटिंगची ताकद. मंत्राच्या बळावर घातला तर मंत्र टाकणारीची बुद्धी. नेम लागायलाही तीच, घावालाही तीच. फासे हातातून सुटायच्या आत सांगायचं."

वकिलाने बोटांवर हिशेब केला. राखणदाराला नेम लागायला तेरा हवेत. ताकदीवर गेलं तर वीस बाजूंच्या फाशावर चौदा पडायला हवेत, आणि पुढे दोन फाशांत मिळून दहा. बुद्धीवर गेलं तर नऊ पुरेत, आणि पुढे पाच. त्याने हे सगळं मोठ्याने सांगितलं आणि मग जरा हळू आवाजात म्हणाला, "क्रेनदादा, किंवा तो उणे एक खोडून जुना चार लिहा ना. कोण बघतंय?"

"मी बघतोय," सासरे म्हणाले. त्यांनी उजव्या हाताने फासा उचलला. दर वेळी उजव्यानेच. व्यायाम शिकवणाऱ्या बाईला त्यांनी दोनदा दारातून परत पाठवलं होतं. त्या बोटांना आठवड्यातून काही काम होत असेल तर ते या टेबलावर. धटिंग मेला तर तेही बंद, हे सूनबाईला माहीत होतं.

"माझी," सासरे म्हणाले.

तेवढ्यात दुकानाच्या काचेवर टकटक झाली. एक नवरा-बायको आत डोकावत होते. बाईने दार ढकललंच. "हे गोल टेबल केवढ्याला?"

"विकायचं नाही!" शिट्टी ओरडला.

"पाटी लावलीय की."

"पाटी खुर्चीची आहे! दुकान बंद आहे! उद्या या!"

नवरा-बायको घाबरून गेले. दार लागलं. शिट्टी उभाच राहिला. त्याची लांब मान लाल झाली होती. फासा अजून सासऱ्यांच्या मुठीत होता. ती मूठ बंद व्हायलाही वेळ लागे आणि उघडायला त्याहून जास्त.

"पाचव्या मजल्यावरचं ते शिसवी कपाट आठवतं?" शिट्टी म्हणाला.

"आता काय त्याचं?"

"खाली तू होतास. समोर काय दिसत होतं तुला?"

"कपाटाची पाठ."

"मग पाय कशावर टाकत होतास?"

सासऱ्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मी सांगत होतो त्यावर. मी पायरी म्हटलं की पाय उचलायचास, वळण म्हटलं की वळायचास. अजून तीन आहेत म्हटलं तर तीन. कधी मोजून बघितल्यास? जन्मभर माझ्या आकड्यावर पाऊल टाकलंस, गाढवा, तेव्हा नाही कधी म्हणालास ‘माझी’! आणि माझ्या आकड्याने ते कपाट हलकं झालं होतं का? ओझं तुझंच होतं ना? मी म्हणालो का कुणाला, की कपाट मी नेलं?" त्याचा आवाज फाटला. तो खाली बसला आणि रुमाल शोधायला लागला. "जा, मर," तो म्हणाला. "मर, आणि बस खिडकीत."

वकील टेबलाच्या कडेवरचं वार्निश नखाने खरवडत होता. सूनबाईला रडू येत होतं, पण सूत्रधाराने रडून कसं चालेल म्हणून तिने ते तसंच गिळलं.

सासरे म्हणाले, "सूनबाई, नियम परत सांग."

"कुठला?"

"जोड चेटकिणीची घेतली, तर सोटा कोण उचलतं?"

"धटिंग."

"तीच का नाही मारत मग?"

"ती बेशुद्ध आहे, बाबा. तिला बोट हलवता येत नाही. मंत्र सोट्यात आहे, पण सोटा आपोआप चालत नाही. फासे तुम्हीच टाकायचे. तुम्ही टाकले नाहीत, तर तिचे चार कुणाच्याच कामाचे नाहीत."

"हे तू नियम सांगतेस, का माझी समजूत काढतेस?"

"नियम सांगतेय," ती म्हणाली. आणि ते खरं होतं. पुस्तकात तसंच होतं, आजही आणि धटिंगच्या ताकदीपुढे अधिक चार होते तेव्हाही. आपल्याला खोटं बोलावं लागलं नाही याचा तिला इतका आनंद झाला की तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

सासरे मुठीकडे बघत होते. फासा अजून आतच होता.

"मग जोड शिट्टीची," ते म्हणाले.

शिट्टीने रुमालातून मान वर केली नाही.

सासऱ्यांनी मूठ टेबलावर आणली. करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं बोट. बाकीची अडून बसली. अशा वेळी कुणी मदत करायची नाही हे न बोलता ठरलेलं होतं. तिघे श्वास धरून बसले. सासऱ्यांच्या कपाळावर, खपलीच्या बाजूला, घाम आला. मग अंगठा एकदम सुटला, फासा उडाला, आखूड पायाच्या बाजूला घरंगळला आणि टेबलावरून खाली पडून पलंगाखाली गेला.

वकील गुडघ्यावर रांगत गेला. "वीस!" तो पलंगाखालून किंचाळला. "वीस पडलेत! शप्पथ!"

"जमिनीवरचा धरत नाहीत," सासरे म्हणाले. "आण इकडे."

वकिलाने तोंड उघडलं आणि मिटलं. एवढी उघडी फट समोर असताना तो गप्प बसला, हे त्या दिवशी पहिल्यांदाच घडलं. फासा त्याने सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला. पुन्हा मूठ. पुन्हा करंगळी. या वेळी त्यांनी मनगट टेबलाला टेकवलं आणि बोटं एकेक करून अशी सोडली, जसा माणूस जड वस्तूचा एकेक कोपरा जमिनीला टेकवतो. फासा जेमतेम वितीभर गेला.

दहा.

"दहा आणि चार चौदा," सूनबाई म्हणाली. "लागला." उणे एकावर नऊ झाले असते.

आता दोन फासे. आठ बाजूंचा आणि सहा बाजूंचा. दोन्ही एकदम मुठीत मावेनात, तेव्हा सासऱ्यांनी एकेक टाकला. सोट्याचा पडला तीन. सूनबाईने मनातल्या मनात बेरीज केली आणि घाबरून थांबली: तीन आणि चार सात, अजून दोन हवेत, एक पडला तर संपलं. उजेडाचा फासा सासऱ्यांच्या बोटांना चिकटून बसला होता. त्यांनी हात झटकला नाही. वाट बघितली. फासा सुटला, टेबलाच्या भेगेत अडकून कलला, क्षणभर तिरका राहिला आणि पडला.

चार.

"तीन आणि चार सात," सासरे स्वतःच म्हणाले. "आणि शिट्टीचे चार. अकरा." मग त्यांनी सूत्रधाराकडे पाहिलं. "बरोबर?"

"बरोबर, बाबा." आणि तिने कशीबशी राखणदाराची आरोळी काढली. ती आरोळी कमी आणि हुंदका जास्त झाली. वकिलाने टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की पुठ्ठ्याची घडी निसटली आणि चहा सांडला. शिट्टी फडकं आणायला म्हणून आत गेला तो बराच वेळ आलाच नाही.

घरी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. मुलगा कामाच्या कपड्यातच जिन्याच्या तोंडाशी येरझाऱ्या घालत होता. त्याने बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यावरून काही कळेना तेव्हा बापाला विचारलं.

"जगला?"

"जगला."

मुलाने एवढा मोठा श्वास सोडला आणि लगेच बापाच्या मागे जाऊन पट्ट्याला हात घातला. पैज जिंकली होती, हक्कच होता त्याचा.

"तू म्हणशील तसं असं बोललोय मी," सासरे म्हणाले. "शब्द मागे घेणार नाही. पण एक विनंती आहे. तू नको. तू ओढतोस. ओढणाऱ्याबरोबर जिना चढता येत नाही." त्यांनी चपला काढल्या आणि उजव्या हाताच्या मुडपलेल्या बोटांनी सूनबाईकडे खूण केली. "ती येऊदे. खाली."

मुलाला कळलं नाही. "खाली म्हणजे?"

सूनबाईला कळलं. तिने खेळाची पेटी नवऱ्याच्या हातात दिली, स्वतःच्याही चपला काढल्या आणि सासऱ्यांच्या मागे, एक पायरी खाली जाऊन उभी राहिली.

"दोन्ही हात पाठीला लाव," सासरे म्हणाले. "ढकलायचं नाही. वर बघायचं नाही, दिसणार काही नाही. पायऱ्या मी सांगतो."

ते चढायला लागले. डावा हात कठड्यावर. "पायरी," ते म्हणायचे आणि ती पाय उचलायची. समोर तिला फक्त सदऱ्याची पाठ दिसत होती, घामाने ओली. "पायरी... पायरी..." खालच्या मजल्यावरच्या बाईने दार उघडलं. या वेळी सासऱ्यांनी तिला मान हलवून ओळख दिली. मुलगा पेटी छातीशी धरून बराच मागे राहिला होता.

कपाळ फुटलं होतं त्या वळणाच्या जरा अलीकडे त्यांचा उजवा पाय लचकला आणि सगळं वजन मागे आलं. ते तिच्या दोन तळव्यांत आलं, कोपरांत आलं, कमरेत आलं. इतकं वजन तिने आयुष्यात कधी पेललं नव्हतं. मागून नवरा धावला, तशी ती न वळता ओरडली, "थांब तिथेच!"

सासरे कठड्याला धरून श्वास घेत होते.

"धरलंस?"

"धरलंय, बाबा."

"जड आहे?"

नाही म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं होतं.

"आहे," ती म्हणाली. "खूप जड आहे."

"हं," सासरे म्हणाले, आणि त्या ओल्या पाठीतून ते हसल्याचं तिला तळव्यांना कळलं. "मग नीट धर. वळण आलं. भिंत सांभाळ."